शिदोजीचे भोकाचे बूट

त्या साली आमच्या रिसाल्याची एक लहान तुकडी ठाण्याच्या कॅम्पात ठेवली होती. लढाई कुठेच नव्हती. पावसाने तारेचे खांब लोळवले होते, म्हणून कल्याणला, टिटवाळ्याला आणि कोलशेतच्या बंदरावर हुकुमाचे कागद आम्ही स्वारांनी पोचवायचे, एवढीच ड्यूटी. तुम्हा कल्याणकरांना हे ऐकून हसू येतं. माझा शेजारी तर तोंडावर म्हणतो, "जमादार, म्हणजे तुम्ही टपालवालेच की." होतो बाबा. पण गोळीपुढे जी भीती मला कधी वाटली नाही ती त्या टपालात वाटली, आणि अजून वाटते. अजूनही पाय ओल्या चिखलात पडला की मी आधी मागे बघतो.

आमचा रिसाला शिलेदारी. म्हणजे बंदूक सरकारची आणि बाकी सगळं ज्याचं त्याचं. घोडं ज्याचं त्याचं, खोगीर ज्याचं त्याचं, बूटही ज्याचे त्याचे. त्यामुळे पावसाळ्यात बूट कसे घ्यावेत यावर आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीवरून भावाभावांत होत नाहीत. दिवसभर रिकिबीत पाय, वरून पाऊस, खालून चिखल. बूट ओला झाला की रात्री काढून ठेवता येत नाही. सकाळपर्यंत चामडं आखडतं आणि पाय आत जात नाही. मग ओल्या बुटात घोड्याचे हरभरे भरून ठेवायचे, ते ओल ओढून घेतात. सकाळी तेच हरभरे घोड्याला. घोडी तक्रार करत नव्हती.

मी ठरवलं की आपण बूट घ्यायचा तर शेवटचा घ्यायचा. कल्याणात एक मोची होता, साहेब लोकांचे शिकारीचे बूट शिवणारा. त्याने मला बसवून पाय मोजला, उभं करून मोजला आणि गुडघ्यापर्यंतचे बूट शिवले. पोटरीला घट्ट, टाचेला घट्ट, शिवणीवर मेण. चामड्याला काय चोळलंस, हे मी त्याला खोदून विचारलं. काडतुसांची गोष्ट आमच्या बापांनी ऐकलेली, आम्हाला चरबीचा वासही चालत नसे. तो म्हणाला, "मेण आणि जवसाचं तेल. देवाशपथ दुसरं काही नाही. घागरीत पाय घालून उभे राहा, मोजा कोरडा निघेल." मी खरंच घागरीऐवजी बादलीत उभा राहिलो. मोजा कोरडा निघाला. त्या दिवशी मी कॅम्पात असा चाललो की दफेदाराने विचारलं, लग्न ठरलं का.

शिदोजी माझ्याच गावचा, साताऱ्याकडचा, माझ्या जोडीचा स्वार. त्याचे बूट बापाचे. बापही स्वार होता. पायाला मोठे, म्हणून आत फडकं गुंडाळायचा. आणि दोन्ही बुटांना घोट्याच्या खाली, तळाला लागून, आरीने पाडलेली दोन दोन भोकं. चालताना पचक पचक आवाज यायचा. आम्ही सगळे हसायचो.

"अरे, त्या भोकांतून पाणी आत येतं," मी म्हणायचो.

"येतं ना. जातंही तिथूनच," तो म्हणायचा. "तुझ्या बुटात एकदा शिरलं की बिऱ्हाड करून राहील."

"शिरणारच नाही."

"पायीची वहाण पायीच बरी रे. तू तर डोक्यावर घेतलीस."

हा वाद रोजचा. पण खरं सांगायचं तर आम्ही दोघंही एकाच गोष्टीला भीत होतो, ती खाडी. आम्ही घाटावरची माणसं. आमच्या नदीचं पाणी वरून येतं. डोंगरात पाऊस झाला की वरून लाल पाणी दिसतं, माणूस बाजूला होतो. इथे पाणी सकाळी नसतं, दुपारी असतं, आणि पाऊस नसतानाही असतं. टिटवाळ्याच्या वाटेला मी आनंदाने जायचो. कोलशेतचं नाव निघालं की मी घोडीचे नाल तपासत बसायचो. का, ते मी शिदोजीशिवाय कोणालाही बोललो नव्हतो, आणि त्याने फक्त एवढंच म्हटलं होतं, "मलाही."

भाद्रपदातला दिवस. पाऊस उघडला होता. जेवणं झाल्यावर दफेदाराने हाक मारली.

"कोलशेत बंदर. वैरण आणणाऱ्या पडाव-होड्यांवर आपला पहारा आहे. हा कागद नाईकाच्या हातात द्यायचा. जोडीने जा."

"जी."

"दिवसाउजेडी परत या."

नेहमीची वाट पुराने खचली होती. आम्ही खाजणाच्या, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधावरून निघालो. मध्ये खाडीचा एक फाटा आडवा आला. पाणी नव्हतंच म्हणा ना, मधोमध एक ओहोळ आणि दोन्ही बाजूंना चकचकीत काळा गाळ. पलीकडे बंदरावरच्या डोलकाठ्या दिसत होत्या. घोड्यांनी पाय रोवले. टाच मारली, चुचकारलं, माझी घोडी कान पाडून मागेच सरकायला लागली. जनावराला कळलं होतं. आम्हाला कळलं नाही.

आम्ही काय केलं, तर घाटावरचा माणूस करतो तेच केलं. वरच्या अंगाला बघितलं. वरून पाणी येत नव्हतं. आभाळ मोकळं होतं. म्हणजे पार व्हायला वाट सुरक्षित.

"पायी जाऊन तळ बघायला हवा," शिदोजी म्हणाला. "तुझे बूट चांगले. तू जा. मी घोडी धरतो."

मी उतरलो. पहिली काही पावलं बरी गेली. मग उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला डाव्यावर भार दिला, तर डावाही गेला. गाळ बुटाच्या काठाला लागला, ओहोळाचं पाणी काठावरून आत उतरलं, आणि थंड पाणी पोटरीवरून खाली टाचेपर्यंत गेलेलं मला कळलं. पाय ओढला. बूट हलला नाही. बुटातून पाय काढू बघितलं. ओलं चामडं पोटरीला असं बसलं होतं की मोच्याचं कौतुक करावं.

"शिदोजी, अडकलो."

"जोर कर."

"करतोय."

तेवढ्यात बांधावरून एक आगरी धावत आला. बांधामागच्या मिठागरावरचा, हिराजी नावाचा. हे नाव मला नंतर कळलं.

"सवारदादा, पाय नको मारूस! आनखी रुतशील. भरती लागलेय!"

मी परत वर बघितलं. वर काहीच नव्हतं. मग मान वळवून मागे, खालच्या अंगाला बघितलं. पाणी तिकडून येत होतं. आवाज नाही, लाट नाही. गाळावरच्या खळग्यांत नुसतं भरत येत होतं, घरात पाणी शिरतं तसं. माझ्या पाचावर धारण बसली. बोबडी वळली म्हणतात ते खोटं नाही, मला दफेदाराचं नाव आठवेना. आईला हाक मारली ती मात्र स्पष्ट मारली.

शिदोजीने दोन्ही लगाम बांधावरच्या खुंटाला बांधले. मग खाली बसून बूट काढले. जरा ओढले की निघाले, सैलच होते. ते त्याने बांधावर नीट शेजारी शेजारी ठेवले, तोंडं खाडीकडे. हे मी बघत होतो, कारण दुसरीकडे बघायची माझी छाती नव्हती. हिराजीने मिठागराच्या उघडीची, पाणी अडवायच्या दाराची, फळी उपसून आणली, गाळावर टाकली. शिदोजी तिच्यावर पोटावर सरकत आला. फळी संपली तिथून पुढे उतरून, चालत. तोंडात सुरी.

"हलू नको."

"पाणी मांडीला लागलं."

"दिसतंय मला. हलू नको."

त्याने हात पाण्यात घातला आणि बुटाच्या काठापासून चामडं खाली कापायला घेतलं. बघता येत नव्हतं, हाताच्या अंदाजानेच. जाड, मेणावलेलं, चांगलं चामडं. सुरी घसरत होती.

"बोल काहीतरी," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"दफेदाराला शिव्या दे."

मी दिल्या. पाणी कमरेला आलं तरी देत होतो. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण शिव्या चालू होत्या. डावा पाय सुटला. वाकलेल्या शिदोजीच्या हनुवटीला पाणी लागलं होतं, उजव्यासाठी त्याला डोकं पाण्याखाली घालावं लागलं. तो वर आला, दम घेतला, परत गेला. तेव्हा मला वाटलं, हा आता येत नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी भीती ती, माझ्या मरणाची नव्हे, त्याच्या वर न येण्याची. मग पाय सुटला. हिराजीने फळी ओढली, आणि आम्ही दोघं बांधावर मेलेल्या माशांसारखे पडलो. माझे बूट आजही तिथेच आहेत, गाळात. पाणी आत जाऊ नये असे.

शिदोजीच्या तळपायाला कालवाच्या शिंपल्याने चिरलं होतं. लांब चीर, पण रक्त फार नव्हतं. हिराजीची बायको हळद घेऊन आली. शिदोजी म्हणाला, "राहू दे वहिनी, घोड्यावर बसायचंय," तरी तिने लावलीच. मग त्याने त्याच पायावर बूट चढवला. हिराजीने आम्हाला होडीने पलीकडे नेलं. नाईकाने कागद वाचला. पहारा उद्या उठवावा, एवढंच त्यात होतं.

काही दिवस काहीच झालं नाही. शिदोजी सगळ्यांना माझ्या शिव्या ऐकवायचा, दफेदारासमोरसुद्धा. मग एका सकाळी भाकरी खाताना म्हणाला, "जबडा आखडलाय रे. थंडी लागली वाटतं." संध्याकाळी त्याला तोंड उघडेना. कॅम्पाच्या डॉक्टरांनी पाय बघितला, तोंड बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, धनुर्वात.

त्या खोलीबद्दल जास्त बोलत नाही. दार वाजलं तरी त्याचं सगळं अंग ताठ व्हायचं, म्हणून आम्ही दाराला कांबळं टांगलं, अनवाणी चालायचो, कुजबुजत बोलायचो. तो शुद्धीवर होता, हेच वाईट. डोळे घाबरलेले होते. खाडीत मी त्याचे डोळे बघितले होते, तेव्हा ते घाबरलेले नव्हते. मी कानाशी वाकलो आणि त्याच्या वाटच्या शिव्या मी दिल्या, हळू आवाजात, एकामागून एक. दफेदार खाटेच्या पायाशी उभा होता. तो म्हणाला, "दे. थांबू नको." दुसऱ्या दिवशी दुपारी शिदोजी गेला.

मला त्याच्या घरी जायला रजा मिळाली. निघण्याआधी त्याचा एक बूट मापासाठी काखेत घेऊन मी कल्याणला त्या मोच्याकडे गेलो. तेराव्याला जोडा दान द्यायचा असतो. पुढची वाट तापल्या वाळूची आणि काट्यांची, मेलेल्या माणसाने ती अनवाणी चालू नये म्हणून. बाजारातली साधी वहाणही चालते. पण मला ते पटेना. अनवाणी होता म्हणूनच तर तो गेला होता.

"कसले हवेत?" मोच्याने विचारलं. "मागच्यासारखे?"

"नाही. पायाला सैल. झटक्यात निघाले पाहिजेत. तळ जाड घाल, खिळा, शिंपला, काही आरपार येता कामा नये."

"आणि पाण्याचं?"

"घोट्याखाली दोन भोकं पाड. दोन्ही बुटांना."

त्याने आरी घेतली.

गावात शिदोजीची आई ओसरीवर बसली होती. तिचं रडू संपलेलं दिसत होतं. मी सगळं सांगितलं, बूट काढून ठेवल्याचंही सांगितलं. तिने एकच विचारलं.

"म्हणजे माझा लेक अनवाणी गेला?"

मी नवे बूट तिच्यापुढे ठेवले. तिने एक उचलला, आत हात घातला, आणि तिचं बोट भोकातून बाहेर आलं. ती बराच वेळ तसाच धरून बसली. "ह्यांच्या बुटांनाही होती," म्हणाली.

तेराव्याला भटजींनी बूट उलटेपालटे करून पाहिले. माणूस वाईट नव्हता, रीत सांगत होता. "भोक पडलेला जोडा दानाला चालत नाही. गावातून नवी वहाण आणा, वेळ आहे."

आतापर्यंत माजघरात बसलेली शिदोजीची आई उठून दारात आली.

"नवेच आहेत, महाराज. माझ्या लेकाला असेच लागतात."

भटजींनी बूट पाटावर ठेवले, शेजारी शेजारी, आणि मंत्र सुरू केला. पाणी सोडायला शिदोजीचा चुलता होता. म्हाताऱ्याच्या हातून पळीतलं पाणी ताम्हनात पडायचं ते बुटात पडलं. आम्ही सगळे बघत होतो. पाणी भोकांतून बाहेर आलं, पाटावरून ओघळलं, आणि बूट रिकामे झाले.