वर्लिनची अडकलेली पुंगळी

आमचा वर्लिन गेला, पेटीत ठेवला, नवा शर्ट घातला, तरी त्याच्या नखांत ती लोकरीची चरबी होतीच. अंत्यविधीवाला म्हणला, घासून काढू का? आर्डिथ म्हणली, राहू द्या, वीस वर्षं मला निघाली नाही ती तुम्हाला काय निघणार.

बायकोच ती त्याची, तिला माहीत.

बिटाच्या साखर कारखान्यात बत्तीस वर्षं बीट धुतले वर्लिननं, आणि निवृत्त झाल्यावर पुंगळ्या धुवायला लागला. म्हणजे बंदुकीचं काडतूस उडवल्यावर पितळेची रिकामी पुंगळी राहते ना, ती. आमच्याकडं वायोमिंगात निम्मं गाव पुंगळ्या उचलून आणतं आणि दारू-गोळी घालून घरीच परत भरतं. पण वर्लिनसारखं नाही कोणी. मक्याच्या कणसाचा भुसा घातलेलं, पुंगळ्या घासणारं ते थरथरणारं भांडं त्याच्या गॅरेजात दिवसभर घरघरायचं. शेजारचं कुत्रं त्या आवाजानं झोपायचं, भांडं बंद केलं की भुंकायचं. पुंगळ्या अशा चमकायच्या की टपालवाली ग्लेना त्यात बघून केस नीट करायची.

आता धुतलेली पुंगळी फुगलेली असते, ती दांडा दाबून लोखंडी साच्यात घालायची, परत मापाला आणायची. पण त्याआधी तिला ती मेंढीच्या लोकरीची चरबी चोळायची. बोटांनी, एकेकीला, बाळाला तेल लावल्यासारखी. नाही चोळली तर साच्यात अशी रुतते की साचाही गेला आणि पुंगळीही गेली. हे इथं पोराटोरांना माहीत असतं. आर्डिथचा भाऊ बॉइड एकदा विसरला होता, बारा वर्षांमागं. वर्लिननं ते बॉइडच्या मुलीच्या लग्नात माइक घेऊन सांगितलं.

तर एका वर्षी आर्डिथला मूसच्या शिकारीचा परवाना लागला. बावीस वर्षं सोडतीत नाव टाकत होती. मूस म्हणजे सांबरासारखं, पण घोड्यापेक्षा उंच जनावर; परवाना एकदा लागला की आयुष्यात परत नाही. तिचं एकच म्हणणं, मारीन तर बाबांच्या बंदुकीनं. ती बंदूक एवढी जुनी की तिची काडतुसं दुकानात मिळत नाहीत. बाबांच्या सोळा पुंगळ्या होत्या डब्यात. तिनं त्या वर्लिनच्या पुढ्यात ठेवल्या.

"शनिवारी पहाटे निघायचंय. जमेल ना?"

"मला विचारतेस? बॉइडला विचार असलं."

गुरुवारी सोळाही धुऊन, चरबी चोळून लाकडी पाटावर रांगेत लावल्या. तेवढ्यात ग्लेना टपाल घेऊन आली.

"आज मळकट दिसतायत रे तुझ्या पोरी."

झालं! वर्लिनला ते सोसतंय होय? एक उचलली, फडक्यानं लख्ख पुसली, तिच्या नाकापुढं धरली. "आता बघ, दात दिसतायत का तुझे?" ग्लेना हसत जायला वळली. यानं ती पुंगळी तशीच, कोरडी, रांगेत परत ठेवली.

मग एकेक साच्यात घालायला लागला, सहावी होती ती. दांडा खाली आला आणि वर जाईना. वर्लिन लोंबकळला त्याला. टेबल उचललं गेलं, पुंगळी नाही. त्या मापाचा साचा अख्ख्या गावात तेवढा एकच, नवा मागवायचा तर दोन आठवडे.

रुतलेली पुंगळी ओढून काढायचं हत्यार मात्र गावात होतं. बॉइडकडं. त्या लग्नानंतर लगेच घेतलं होतं त्यानं.

वर्लिन तीन वेळा ट्रकात बसला आणि तीन वेळा उतरला. मग आतून आर्डिथचा आवाज आला, ती बाबांच्या बंदुकीला तेल लावत गाणं म्हणत होती, बेसूर. तो चौथ्यांदा बसला तो गेलाच.

बॉइड दारातच कॉफी पीत उभा.

"माझ्या ओळखीच्या एका माणसाची पुंगळी अडकलीय," वर्लिन म्हणला.

"कोण रे?"

"आहे एक."

"मी ओळखतो का?"

"लग्नात माइक घेतो तो."

बॉइडच्या नाकातून कॉफी आली. पायरीवर बसला, मांडी बडवली, बायकोला बोलावलं, परत हसला. वर्लिन टोपी धरून उभा. म्हणला, "झालं का हसून? तुझ्या बहिणीसाठी आलोय, माझ्यासाठी नाही."

"माहितेय, म्हाताऱ्या. स्वतःसाठी असतं तर साचा जन्मभर तसाच ठेवला असतास." आणि हत्यार घेऊन निघाला. दहा मिनिटांत पुंगळीच्या बुडाला भोक पाडलं, पेच फिरवला, ओढली बाहेर. साच्यावर ओरखडासुद्धा नाही. "मी कुणाला सांगणार नाही," म्हणला. "तूच सांगायचं तिला."

शनिवारी अंधारात ट्रकात तिघं. वर्लिन खाकरला. "आर्डिथ, ते जरा एक—"

"सोळा दिल्या होत्या, पंधरा आल्या," आर्डिथ म्हणली. "आणि ग्लेनानं सांगितलं, कोरडी एक ठेवलीस म्हणून. तिनं बघितलं होतं."

"मग बोलली का नाही ती!"

"तिला वाटलं, तुला माहीत असेल. तू तर चुकतच नाहीस."

बॉइड खिडकीबाहेर बघत होता, खांदे हलत होते नुसते.

उजाडता उजाडता ओढ्याच्या झुडपात मूस उभा दिसला. आर्डिथनं बंदूक टेकवली, श्वास सोडला, एकच बार. पडला. बॉइड ओरडला, टोपी उडवली, बहिणीला उचलली. आणि वर्लिन? वर्लिन गवतात चार पायांवर, नाक जमिनीला लावून.

"काय हरवलं?" बॉइडनं विचारलं.

"पुंगळी. बाबांची आहे, सोडून कशी जायची? इथंच पडली असणार."

आर्डिथ दगडावर बसली, थर्मास उघडला, बॉइडला कॉफी दिली, स्वतः घेतली. वर्लिननं सगळं गवत विंचरलं, गुडघे भिजले, दाढीत काटे गेले. पाव तास गेला.

मग तिनं बंदूक मांडीवर घेतली, कडी मागं ओढली. त्या बंदुकीतनं हातानं कडी ओढल्याशिवाय पुंगळी बाहेरच येत नाही, आणि हे वर्लिनलाच सगळ्यात जास्त माहीत होतं. टुणकन उडाली, त्याच्या पुढ्यात पडली.

त्यानं ती उचलली, शर्टाला पुसली, उजेडात धरून फिरवली. मग कुठं मान वर केली आणि पहिल्यांदा त्या मूसकडं बघितलं.

"अगं बाई," म्हणला, "केवढा मोठा मारलास तू."