वेय्सी खालोचा कलिंगडाचा दवाखाना

वेय्सी खालोने आयुष्यात एकही कलिंगड पिकवलं नव्हतं, पण कलिंगडावर बोलायला बसला की चहावाल्याचा समोवार दोनदा भरावा लागे. नात्याने तो कुणाचाच मामा नव्हता. पण दियारबकरच्या त्या नदीकाठच्या वस्तीत पन्नाशी ओलांडलेला आणि सल्ले देणारा प्रत्येक माणूस ‘खालो’च असतो, तसा तोही सगळ्यांचा मामा झाला होता.

शहरात, काळ्या तटबंदीच्या आत, एका औषधाच्या दुकानात त्याने तीस वर्षं बाटल्यांवरची धूळ पुसली. दुकान बंद पडलं तेव्हा मालकाचा जुना पांढरा डगला तेवढा घरी आणला. गुलिस्तानने, म्हणजे त्याच्या बायकोने, तो दुसऱ्याच दिवशी मळ्यात बुजगावण्याला चढवला. कावळे घाबरले की नाही ठाऊक नाही, पण वेय्सी आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. तेवढ्या शांततेत तिचे तीन वाफे खुरपून झाले.

मळा गुलिस्तानच्या वडिलांचा. दिजला नदीच्या पुराचं पाणी ओसरलं की ती वाळूत ओल लागेपर्यंत खड्डे खणी, तळाला कबुतरखान्यातलं खत घाली, बी टोकी. पुढे वेलीवर फळं धरली की एक ठेवून बाकीची खुडून टाकी. ते एकच मग भाद्रपदातल्या म्हशीसारखं फुगत जाई, वीस किलो, तीस किलो, कधी त्याहून जास्त. या सगळ्यात वेय्सीचं काम एकच. बांधावर स्टूल टाकून तो म्हणे, “अगं, जरा डावीकडे खण.”

त्याचा खरा मळा मुस्लुमच्या चहाच्या टपरीवर होता. तुतीच्या झाडाखाली चार बाकं, आणि रोज दुपारी तिथे दवाखाना भरे.

“खालो, गुडघे धरलेत.”

“कलिंगड खा.”

“केस गळतात.”

“बिया वाटून लाव.”

“सासू येऊन राहिलीय महिनाभर.”

“तिला संध्याकाळी आख्खं कलिंगड खायला घाल. रात्रभर उठून उठून कंटाळेल आणि चौथ्या दिवशी आपल्या घरी जाईल.”

लोक हसत. हसणं हीच वेय्सीची फी. पैशाला त्याने कधी हात लावला नाही. त्याला फक्त कुणीतरी तोंडाकडे बघत बसलेलं हवं असे, आणि त्यात मुस्लुमची बरोबरी कुणाला नव्हती. हा मुस्लुम म्हणजे टपरीचा मालक, पोट सुटलेला, मनाने साधा. वेय्सी बोलू लागला की तो हातातली किटली तशीच धरून उभा राही, गिऱ्हाइकांचे पेले रिकामे राहात.

मुस्लुमला सात वर्षं मधुमेह होता. जुलैत एकदा, ऊन असं की वाळूवर पाय ठेवला तर फोड यावेत, तेव्हा त्याने विचारलं, “खालो, साखरेच्या माणसाला चालतं का रे हे?”

“नव्वद टक्के पाणी आहे त्यात! पाण्याने कुणाची साखर वाढलीय का?”

“पण गोड लागतं की.”

“गोड तर आईचं बोलणंही असतं. त्याने साखर वाढते?”

बाकांवर हशा पिकला. मुस्लुम मात्र हसला नाही. “तुलाही आहे ना साखर? मग तू गोळ्या घेतोस की नाही?”

इथे खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. पण सहा जण तोंडाकडे बघत होते. वेय्सीने पेला खाली ठेवला आणि म्हणाला, “गोळ्या मी केव्हाच दिजलेत सोडल्या. म्हणून तर हल्ली मासे असे धडधाकट निघतात!”

त्यावर जो हशा उठला तो दोन गल्ल्या पलीकडे ऐकू गेला. एवढं हसवल्यावर बोललेलं परत कसं घ्यायचं?

वेय्सी रोज सकाळी कबुतरखान्याच्या मागे जाऊन एक गोळी घेई आणि संध्याकाळी दुसरी. गेली चौदा वर्षं, न चुकता. दर महिन्याला सरकारी दवाखान्यात रांगेत उभी राहून गोळ्यांची डबी आणायची गुलिस्तान.

दुसऱ्या दिवशी मुस्लुमने त्याला हाक मारली आणि सगळ्यांसमोर आपल्या गोळ्यांची पाकिटं समोवारच्या विस्तवात टाकली. “बघ खालो! सुटलो!”

वेय्सी अर्धवट उठला. तो काही बोलणार एवढ्यात बाकावरून कुणीतरी म्हणालं, “याला म्हणतात मर्द.” मग वेय्सीही म्हणाला, “सकाळी अर्धं, संध्याकाळी अर्धं. मध्ये खंड पडू द्यायचा नाही.”

ही गोष्ट गुलिस्तानला कळली ती मुस्लुमच्या बायकोकडून, झरीफेकडून. ती मळ्यावर कलिंगडं न्यायला आली होती. “येंगे,” म्हणजे वहिनी, ती म्हणाली, कारण वेय्सीला ती थोरला दीर मानी, “याची तहानच भागत नाही गं. आणि पायाला जखम झालीय ती वाहतेय.”

त्या दुपारी गुलिस्तानने खुरपं बाजूला ठेवलं. “त्याला जाऊन सांग, तू गोळ्या घेतोस म्हणून.”

“सांगतो की.”

“कधी?”

“आज मुखिया बसला होता तिथे. चारचौघांत कसं सांगू?”

दुसऱ्या दिवशी ऊन फार होतं. तिसऱ्या दिवशी न्हाव्याचा पाहुणा आला होता. चौथ्या दिवशी वेय्सी खरंच ठरवून गेला, पण मुस्लुमने त्याच्या पुढ्यात थंडगार फोड ठेवली आणि म्हणाला, “पाच किलो उतरलो खालो, तुझ्या कृपेने!” कृपा म्हटल्यावर वेय्सीने ती फोड उचलून खाल्ली.

“शुक्रवारपर्यंत,” गुलिस्तान म्हणाली. “नाहीतर मी जाते.”

गुरुवारी मुस्लुम चहा ओतता ओतता बाकावर कलंडला. पेला भरून वाहात राहिला, आणि लोकांना वाटलं, बोलणं ऐकण्यात गुंगलाय.

इस्पितळात साखर निघाली पाचशेवीस. दोन दिवसांनी तो शुद्धीवर आला तेव्हा डाव्या पायाची करंगळी नव्हती, जखम सडली होती. तरुण डॉक्टरीणबाई खाटेशी उभी होती. वेय्सी भिंतीला टेकून उभा होता आणि भिंतीत शिरता आलं तर बघत होता.

“रोज किती कलिंगड खात होता?” डॉक्टरीणबाईने विचारलं.

“एक.”

“एक किलो?”

“नाही हो. एक.”

तिने वही मिटली. “हे बघा, फळ चांगलं आहे. उन्हाळ्यात पाणी भरून काढतं, पोटाला हलकं असतं. तुम्हीसुद्धा दोन पातळ फोडी खाऊ शकाल, बरोबर चीज नि थोडी रोटी घेऊन, साखर तपासत. पण ते औषध नाही. हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“आमच्या या खालोने,” मुस्लुमने मोठ्या अभिमानाने बोट दाखवलं. “मीच कुठेतरी चुकलो असेन. तो बघा, चौदा वर्षांची साखर आहे त्याला, एकही गोळी घेत नाही, आणि कसा ठणठणीत आहे!”

डॉक्टरीणबाई वळली. “काय घेता तुम्ही?”

वेय्सीने तोंड उघडलं. तीस वर्षं औषधांच्या दुकानात काढलेल्या माणसाला त्या क्षणी एकाही औषधाचं नाव आठवेना.

गुलिस्तान डबा घेऊन आली होती. तिने पिशवीतून वेय्सीच्या गोळ्यांची डबी काढली आणि मुस्लुमच्या खाटेवर ठेवली. “सकाळी एक, संध्याकाळी एक. आजची सकाळची घेऊन झालीय.”

मुस्लुमने ती डबी उचलून हलवून पाहिली. ओरडला नाही, शिवी दिली नाही. नुसता म्हणाला, “खालो, मला कानात का नाही सांगितलंस? मीही लपून घेतल्या असत्या.”

वेय्सी खोलीबाहेर गेला आणि जिन्यात बसून रडला. गुलिस्तान त्याच्या शेजारून खाली उतरली. “डबा परत घेऊन ये,” एवढंच म्हणाली.

मुस्लुमला दीड महिना उभं राहता येणार नव्हतं. टपरी चालवायची कुणी? वेय्सी आपण होऊन गेला. मुस्लुमने अट एकच घातली, “चहा द्यायचा. बोलायचं नाही.”

अशी शिक्षा कुठल्या काझीलाही सुचली नसती. वेय्सी चहाचं तबक घेऊन बाकांमधून फिरे, आणि लोक मुद्दाम दुखणी काढत. “कंबर धरलीय रे.” “डोकं ठणकतंय.” “जरा अपचन झालंय, काय खावं बरं?” खालोचे ओठ हलत, गळ्याची घाटी वरखाली होई, आणि खुर्चीवर पाय लांब करून बसलेला मुस्लुम नुसता खाकरे. “डॉक्टरकडे जा,” वेय्सी पुटपुटे. हे दोन शब्द बोलायला त्याला जेवढे कष्ट पडत, तेवढे गुलिस्तानला पंधरा खड्डे खणायलाही पडत नव्हते.

सप्टेंबरात कलिंगडांची स्पर्धा भरली. गुलिस्तानचं फळ त्रेचाळीस किलो भरलं, दुसरं आलं. मंचावर ते उचलून ठेवायला वेय्सी आणि आणखी दोघे होते. निवेदकाने बाईकडे न बघता पुरुषापुढे माइक धरला. “सांगा उस्ताद, एवढ्या मोठ्या फळाचं रहस्य काय?”

दीड महिन्याची उपाशी जीभ! “तर मंडळी,” वेय्सी म्हणाला, छाती फुगली, “कलिंगडात नव्वद टक्के...”

“गोळी घेतलीस का रे खालो?” गर्दीतून मुस्लुम ओरडला.

सगळं मैदान खदखदून हसलं. ज्यांना काही ठाऊक नव्हतं तेही हसले. वेय्सीने आयुष्यात एवढे लोक एकदम कधी हसवले नव्हते, पण या खेपेला त्याला ते गोड लागलं नाही. त्याने माइक गुलिस्तानकडे दिला.

तिने तो खुरप्यासारखा धरला. “खाली कबुतराची विष्ठा घालायची. एका वेलीला एकच फळ ठेवायचं, बाकीची खुडून टाकायची. खुडताना जिवावर येतं, पण खुडायची.” मग तिने जरा विचार केला. “आणि जवळ कुणी बडबडत असेल तर त्याच्या हातात पाण्याचा डबा द्यायचा.”

पुढच्या वसंतात नदी ओसरली तेव्हा वेय्सीच्या खांद्यावर खताचं पोतं होतं. कबुतरखान्यापासून वाळूपर्यंत चाळीस खेपा झाल्या, आणि विसाव्या खेपेनंतर तो खताचे फायदे सांगू लागला.