अठ्ठावीस दिवसांचा महिना

मंदाताई मोघे यांचा कशावरही चटकन विश्वास बसत नसे. गॅसचा सिलिंडर आला की त्या आधी त्याचं वजन करायला लावत, मग दारातून आत घेत. हा स्वभाव त्यांच्या नोकरीने घडवला होता. ग्वाल्हेरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी अडतीस वर्षं काढली. आधी ट्रंक कॉल जोडून द्यायचं काम होतं, ते संपल्यावर तक्रारींचं टेबल मिळालं. लाइन खराब आहे म्हणून माणूस भांडत यायचा आणि शेवटी रिसीव्हर नीट ठेवलेला नसायचा. उलटही व्हायचं. त्यामुळे ऐकलेलं एकदा तपासून घ्यायचं, ही त्यांची सवयच झाली.

निवृत्तीनंतर त्या नया बाजारातल्या दोन खोल्यांत एकट्याच राहत. तीन वर्षांपूर्वी ओळखीचे सदाशिवराव घरातच वारले आणि दोन दिवस कुणाला पत्ताच लागला नाही. त्यानंतर मंदाताईंनी आपल्यासारख्याच एकट्या राहणाऱ्या नऊ मराठी माणसांची यादी केली आणि रोज सकाळी सातला एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. "उठलात?" एवढंच विचारायचं. उत्तर आलं की फोन ठेवायचा.

हे सगळं चाले एका राखाडी, बटणांच्या फोनवर. तो दोनदा जिन्यावरून गडगडला होता आणि एकदा भिजवलेल्या डाळीत पडला होता. चार्जिंग चार दिवस पुरे.

दिवाळीला मुलगी निवेदिता बंगळुरूहून आली ती नवा स्मार्टफोन घेऊनच. तिने आईचं सिमकार्ड दुकानात नेऊन बदलून छोटं करून घेतलं आणि नव्या फोनात घातलं.

"आई, आता ग्रुप करून देते. एक मेसेज टाकलास की नऊ जणांना जाईल."

"मेसेज गेला म्हणजे माणूस उठला, असं होतं का?"

"दोन निळ्या खुणा दिसल्या की वाचला समजायचं."

"कोणी वाचला, ते कसं कळणार?"

निवेदिताने कपाळाला हात लावला. मंदाताईंना मात्र तो फोनच लबाड वाटत होता. सारखा परवानगी मागायचा. तुमच्या यादीतले नंबर बघू का, तुम्ही कुठे आहात ते बघू का? नाही म्हटलं तर पुढे जाऊ द्यायचा नाही. 'मग विचारतोस कशाला?' असं त्यांच्या मनात येई. आणि संध्याकाळपर्यंत चार्जिंग संपलेलं असायचं.

रिचार्जचं गौडबंगाल तर त्यांना मुळीच पटत नव्हतं. पूर्वी थोडे पैसे भरले की ते संपेपर्यंत महिनोनमहिने चालत. आता बोला न बोला, ठरलेल्या दिवशी पुन्हा भरायचेच, नाहीतर फोन बंद. नई सडकवरच्या दुकानदाराला, गोविंदला, त्यांनी विचारलं, "महिना अठ्ठावीस दिवसांचा कुठला रे?"

"माताजी, सबका यही है," तो म्हणाला.

"म्हणजे वर्षाला तेरा महिने."

गोविंद हसला. त्याने हे गणित बहुधा कधी केलं नव्हतं.

नऊ फेब्रुवारीला सकाळी सात वाजता मंदाताईंनी फोन हातात घेतला, तर पडद्यावर नुसतं एक चक्र फिरत होतं. फोन रात्रीतून काहीतरी नवं भरून घेत होता. त्यांनी जुना राखाडी फोन काढला, पण छोटं केलेलं सिम त्याच्या खाचेत बसेना. तोंडातल्या तोंडात पुटपुटत त्या पाऊण तास बसून राहिल्या. पावणेआठला फोन जागा झाला. आठ जण उठले होते. नवव्या लीलाताई तेवढ्या राहिल्या होत्या.

लीलाताईंच्या नंबरवर बाईचा आवाज आला, या नंबरवर इनकमिंगची सुविधा नाही. मंदाताई सावध झाल्या. फोन बंद असल्याचा आवाज वेगळा, रेंज नसल्याचा वेगळा. हा रिचार्ज संपल्याचा होता. आणि लीलाताईंचा रिचार्ज गेल्या महिन्यापासून खालचा भाडेकरू करत होता. अंशुल, सिटी सेंटरमधल्या एका बँकेत काम करणारा, भिंडकडचा मुलगा. पैसे घेऊन भरले नाहीत की काय? की म्हातारीचा फोन मुद्दामच बंद पाडला?

त्यांनी अंशुलला फोन लावला.

"आंटी ठीक होंगी," तो म्हणाला. "ऊपर पानी चलने की आवाज़ आ रही है."

"कब से?"

"छह बजे से होगी."

लीलाताई थेंबभर पाणी वाया गेलं तरी घर डोक्यावर घेत. दोन तास नळ चालू ठेवणारी बाई ती नव्हे.

"अभी के अभी ऊपर जाओ," मंदाताई म्हणाल्या. "फोन मत काटना."

दार आतून बंद होतं. हाका मारल्या तरी उत्तर नाही. शेवटी अंशुल शेजारच्या गच्चीवरून चढून मागच्या दाराने आत शिरला. मंदाताई रिक्षाने पोचल्या तोवर त्याने लीलाताईंना न्हाणीघरातून बाहेर आणून दोन रजया पांघरल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. ओठ काळेनिळे पडले होते आणि मुठीत त्यांचा बटणांचा फोन होता.

"अगं, फोन चालू होता," त्या कशाबशा म्हणाल्या. "पण लागेचना कुणाला."

"मदतीच्या एकशेबाराला लावायचास. तो रिचार्जशिवाय लागतो."

"मला कोणी सांगितलं होतं?"

अडतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढून मंदाताईंनीही कधी सांगितलं नव्हतं.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्यांनी अंशुलला गाठलं. "रिचार्ज का मेसेज दिखाओ," त्या म्हणाल्या. त्याने निमूटपणे फोन पुढे केला. दहा जानेवारीला पैसे भरलेले होते.

"मेरी सैलरी दस को आती है, आंटी. कल करने वाला था. मुझे लगा महीना मतलब महीना."

अठ्ठावीस दिवस तीन दिवसांपूर्वीच संपले होते. लीलाताईंना फोन लावता येणं तेव्हाच थांबलं होतं, येणारे फोन मात्र कंपनीने आज सकाळी बंद केले होते. त्याचं कोपर गच्चीच्या कठड्याला घासून सोललं होतं आणि शर्ट अजून ओला होता.

"मुझे तुम पर शक हुआ था," मंदाताई म्हणाल्या.

"पता था," तो म्हणाला. "आपकी आवाज़ से."

त्याला राग आला नव्हता, निदान दिसला तरी नाही. मंदाताईंनी त्याला कँटीनमध्ये नेलं आणि तो खाऊन होईपर्यंत समोर बसून राहिल्या.

लीलाताईंचं ऑपरेशन झालं. पुढच्याच आठवड्यात मंदाताई सिटी सेंटरमधल्या मोबाइल कंपनीच्या दुकानात जाऊन बसल्या. काउंटरवरच्या मुलीने एकामागून एक इंटरनेटवाले प्लॅन दाखवले. मंदाताई म्हणत राहिल्या, इंटरनेट नको, फक्त बोलायचं आहे, आणि वर्षभर बंद पडता कामा नये. चौथ्यांदा म्हटल्यावर तिने तसा एक प्लॅन उघडला.

"हे आधी का नाही दाखवलंस?"

"कोई माँगता ही नहीं, मैडम."

मंदाताईंनी तिथेच बसून तो प्लॅन पाच जणांच्या नंबरांवर घालून घेतला. त्यातले चौघे यादीतले, बटणांचा फोन वापरणारे, पाचवा नंबर त्यांचा स्वतःचा. छोट्या सिमला लावायची प्लॅस्टिकची चौकट गोविंदकडे मिळाली आणि राखाडी फोन पुन्हा चालू झाला. स्मार्टफोनात दुसरं सिम घातलं. बंगळुरूच्या नातीचा चेहरा त्या फोनाशिवाय दिसत नाही, एवढं त्यांनी कबूल केलं.

एप्रिलमध्ये लीलाताई वॉकर धरून चालू लागल्या आणि त्यांनी घराची जास्तीची किल्ली अंशुलला द्यायचं ठरवलं.

"दे," मंदाताई म्हणाल्या, "मुलगा चांगला आहे." मग चष्मा लावून त्यांनी त्याचा भाडेकरार मागवून घेतला, भिंडचा पत्ता कागदावर उतरवला आणि तिथला वडिलांचा फोन खरंच लागतो का, ते आधी लावून पाहिलं.