उरलेली बारा मिनिटं

खोटं कशाला बोला, धाकटीनं भावजींना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना टीव्ही दुरुस्त करणारा माणूसच समजली होती. आजही सांगताना तिला हसू आवरत नाही. ताईनं लग्न ठरवलेला माणूस दारात उभा, आणि ही म्हणते, "किती उशीर! कालपासून आवाज येत नाहीये." भावजींनी हूं की चूं न करता खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. ताई आंघोळ करून बाहेर आली तर टीव्ही बोलतोय आणि होणारा नवरा धुळीनं माखलेला! आता होणाऱ्या सासरी कुणी स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतं का, तुम्हीच सांगा.

पुढे त्यांनी दुकान टाकलं. लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी डिस्कवर उतरवून द्यायचे. गिऱ्हाईकांना त्यातले शब्द काही कळायचे नाहीत, मग भावजी समजावायचे. "डिस्कवर आरडब्ल्यू लिहिलं असेल तर ती पाटी. पुसा नि पुन्हा लिहा. नुसती आर म्हणजे गोंदण, एकदाच. आणि फायनलाइज करणं म्हणजे पाकीट चिकटवणं. चिकटवलं की डिस्क कुठल्याही घरी चालते, पण आत आणखी एक ओळ घालता येत नाही. नाही चिकटवलं, तर ज्या रेकॉर्डरवर भरली त्याच्यावरच चालणार."

लोकांची हजार पाकिटं चिकटवली, स्वतःचं एक मात्र नऊ वर्षं उघडं ठेवलं.

ताई आजारी असताना त्यांनी तिला खिडकीपाशी कॅमेऱ्यासमोर बसवून बोलतं केलं होतं. बोलता बोलता ती दमली. रेकॉर्डरवर डिस्कची उरलेली वेळ दिसत होती, बारा मिनिटं. "राहू द्या तेवढी," ताई म्हणाली, "बरी झाले की भरू."

ती काही बरी झाली नाही. बारा मिनिटं तशीच राहिली. भावजींनी ती डिस्क पुन्हा लावून पाहिली नाही; त्या दिवशी ताईच्या अंगात कुठल्या रंगाचा स्वेटर होता, त्याला बटणं किती, यावरून मात्र ते आणि धाकटी नऊ वर्षं भांडत आले.

आणि आता रेकॉर्डरच आजारी. डिस्क घातली की घरघरायचा, चार-चार वेळा बाहेर ढकलायचा. नक्कल करावी तर पाचव्या मिनिटाला चित्र अडकायचं.

"भावजी, हे यंत्र गेलं तर ताईचा आवाज गेला," धाकटी म्हणाली. "करा ना फायनलाइज."

"मधेच बंद पडलं, डिस्कच गेली तर?"

"आणि आपण नुसतं बघत बसलो तर?"

भावजी कितीतरी वेळ रिमोट पुसत राहिले. त्यावर धूळ नव्हती.

"ती भरू म्हणाली होती गं."

 धाकटीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. भावजींनी बटण दाबलं. चार मिनिटं दोघं पडद्यावर चढणाऱ्या आकड्यांकडे बघत होते. सत्तर टक्क्यांवर यंत्र अडखळलं, तसा भावजींनी तिचा हात घट्ट धरला. मग आकडे पुढे सरकले. झालं.

डिस्क घेऊन दोघं धाकटीच्या घरी आले. तिच्या साध्या प्लेअरनं ती एका घासात गिळली आणि पडद्यावर ताई हसली. नऊ वर्षांनी तो आवाज खोलीत आला. धाकटी पदर तोंडाला लावून रडली. भावजी रडले नाहीत, नुसते पुढे सरकून बसले. ताई "भरू" म्हणाली आणि पडदा काळा झाला.



"धाकटे," भावजी म्हणाले, "स्वेटर हिरवा होता."

"काहीतरीच! माझा पिवळा नेला होता तिनं. नऊ वर्षं सांगतेय, परत दिलाच नाही."

भावजींनी डिस्क मागे नेली आणि ताईला थांबवलं. हिरवा. चांगला गडद हिरवा.

"तुमचा टीव्ही रंग बदलतो," धाकटी नाक ओढत म्हणाली.

"टीव्ही तुझा आहे."

"...बरं बाबा, हिरवा!"

"आणि बटणं?"

धाकटीनं डोळे पुसून मोजली. "चार."

"मी काय म्हणत होतो?"

"चार," धाकटी म्हणाली.