कोणता दगड?

स्वयंपाकघरातल्या काळ्या ओट्याला लोक ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. परवा इथे चेन्नईत, पेरुंगुडीला ओळखीच्या एका मराठी जोडप्याची वास्तुशांत होती. दोघंही आयटीत, वयानं माझ्या मुलीएवढी. नवरा ओट्यावर थाप मारून म्हणाला, “काकू, प्युअर ब्लॅक ग्रॅनाइट!” मी वाकून बघितलं. एकजात काळा दगड, गारगोटीचा कण शोधून सापडेना. म्हटलं, “अरे बाबा, हा ग्रॅनाइट नव्हे. गॅब्रो असेल नाहीतर डोलेराइट. ग्रॅनाइटात क्वार्ट्झ लागतो, फेल्डस्पार लागतो, थोडं अभ्रक लागतं. तुझ्या बाथरूमच्या उंबऱ्याला गुलाबी ठिपक्यांचा दगड बसवलाय ना, तो खरा ग्रॅनाइट.” तो हसला. “काकू, दगड तो दगड. काय फरक पडतो?”

शुभकार्याचं घर होतं म्हणून वाद न घालता पानावर जाऊन बसले. काय फरक पडतो म्हणे! माझ्या धाकट्या दिराच्या छातीचा एक्स-रे फोटो आणून त्या चकचकीत ओट्यावर ठेवावा असं वाटलं.

आम्ही साताऱ्याकडचे. माझे सासरे, आबा, पाथरवट. पाटे, वरवंटे, जाती, देवळाच्या पायऱ्या, सगळं त्यांच्या हातचं. मी कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं होतं. लग्न ठरलं तेव्हा गावात थट्टा झाली, की पाथरवटाच्या घरी दगडाची बी.एस्सी. चालली. पुढे यांना चेन्नईजवळ आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात केंद्र सरकारची नोकरी लागली आणि आम्ही क्वार्टर्समध्ये राहायला आलो. माझी पदवी कपाटात गेली. मी शेजारपाजारच्या मुलांच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेत राहिले.

भाऊजी, म्हणजे माझे दीर, आमच्या मागोमाग आले. गावात पाटा-वरवंटा कोण घेतो आता? घरोघरी मिक्सर. माणूस हुन्नरी, हात असा की दगडाला नुसतं बोट लावून सांगेल, कुठे फुटणार ते. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये त्यांना काम मिळालं. ओट्यांचे दगड कापायचे, सिंकसाठी भोक पाडायचं, कडा गोल करायच्या. मालकाला, इथल्या भाषेत मुदलाळीला, असा कारागीर कधी भेटलाच नव्हता. वर्षाच्या आत भाऊजी शेडचे मुख्य कारागीर झाले. जवळच दुसऱ्या मजल्यावर खोल्या घेतल्या आणि जाऊबाईंना गावाहून आणलं. आम्हालाही किती बरं वाटलं! परक्या गावात आपलं माणूस चार स्टेशनांवर.

पहिल्या आयुधपूजेला आम्हाला शेडमध्ये बोलावणं आलं. आपली खंडेनवमी, पण इथे थाट फार. प्रत्येक यंत्राला चंदनाचा टिळा, दारात कुंकू भरून फोडलेला कोहळा, चुरमुरे, फुटाणे, गूळ. भाऊजींनी गावाहून आणलेली वडिलांची टाकी आणि हातोडा त्या मोठ्या करवतीशेजारी मांडला होता. ते बघून यांचे डोळे भरून आले. माझी नजर मात्र भिंतीकडे होती. भिंत, पत्रा, पंखा, गणपतीच्या तसबिरीची काच, सगळ्यावर पांढरी भुकटी. पीठगिरणीत बसते तशी.

“भाऊजी, पाणी सोडून कापता ना?” मी विचारलं.

“मोठी करवत पाण्यावर चालते. हातातलं यंत्र कोरडंच. पाणी मारलं की चिखल होतो, रेघ दिसत नाही.”

“आणि तोंडाला?”

“रुमाल आहे की.”

मी तिथंच सुरू झाले. अहो, हा आपला सह्याद्रीचा काळा दगड नव्हे! आपला तो बसाल्ट. लाव्हा पटकन गार होऊन झालेला, बारीक कणांचा. त्यात फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन, थोडं लोहाचं खनिज. क्वार्ट्झ जवळजवळ नसतोच. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात सावकाश थंड झाला, म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसतात. गुलाबी-पांढरा तो फेल्डस्पार, चमकतं काळं ते अभ्रक, आणि मधे मधे काचेसारखे करडे कण दिसतात तो क्वार्ट्झ. लहानपणी आपण दोन गारगोट्या आपटून ठिणगी काढायचो, तीच गारगोटी. कोरडं कापलं की तिची धूळ इतकी बारीक होते की रुमालातून आरपार जाते, छातीत बसते आणि बाहेर निघत नाही. फुप्फुसात व्रण पडतात. एकदा पडले की कोणत्याही औषधानं बुजत नाहीत.

भाऊजी हसले. हसू गोड होतं त्यांचं. “वहिनी, तुमचं ते क्वार्ट्झ कॉलेजात ठेवा. आमच्या सात पिढ्या दगड फोडत आल्या. आबांच्या मिशा कायम धुळीनं पांढऱ्या असायच्या. ऐंशी पार करून गेले की नाही? कधी खोकताना ऐकलंत? आपल्या रक्ताला दगड बाधत नाही.”

कसं समजवायचं सांगा! आबा जगले ते रक्तामुळे नाही हो, दगडामुळे जगले. बसाल्टची धूळ म्हणजे काही अमृत नव्हे, पण तिच्यात गारगोटी नव्हती. वर ते उघड्या माळावर बसून हातानं टाकी चालवायचे. इथे पत्र्याखाली यंत्र, मिनिटाला हजारो फेरे घेणारं. पण हे ऐकतंय कोण? मुदलाळी चुरमुऱ्यांचं पुडकं माझ्या हातात देत म्हणाला, “अम्मा, तुमच्या माणसांचा दगडाशी जुना संबंध. आमच्या पोरांना खोकला होतो, यांना काही होत नाही.” आणि आमचे हे? परतताना गाडीत मलाच म्हणाले, “सणासुदीला कशाला वाद घालतेस? तो काय लहान आहे?” मी खिडकीकडे तोंड करून बसले, ती आवडी स्टेशन येईपर्यंत.

मी सोडलं नाही. गाळणीचे चांगले मास्क आणून दिले. ते खुंटीला टांगलेले राहिले, कारण म्हणे घामानं जीव गुदमरतो. चेन्नईच्या उन्हात पत्र्याखाली गुदमरतो हे काही खोटं नव्हतं. मुदलाळीला दोनदा फोन केला, की हातातल्या यंत्राला पाण्याची नळी जोडता येते, बाजारात मिळते. “पाक्कलाम, अम्मा,” म्हणाला. बघू या. त्याचं बघणं काही झालं नाही. उलट नव्या सोसायट्यांमधून पांढऱ्याशुभ्र ‘क्वार्ट्झ टॉप’ची मागणी यायला लागली. तो तर दगडसुद्धा नव्हे. गारगोटीचा चुरा डिंकासारख्या रसायनात थापून केलेली लादी, नखशिखांत क्वार्ट्झ! कॉफी सांडली तर डाग पडत नाही म्हणून लोकांना आवडतो. आणि तोही कोरडाच कापायचा. जाऊबाई सांगायच्या, भाऊजींचे कपडे भिजवले की बादलीच्या तळाला साय धरावी तसा थर बसतो.

मग खोकला आला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. भाऊजी म्हणायचे, समुद्राची दमट हवा मानवत नाही. जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून मोबाइल बघायला लागले. मोबाइलमध्ये काही नसायचं, मला दिसत होतं.

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, काम काय करता? भाऊजींनी अभिमानानं सांगितलं, “स्टोन वर्क. लहानपणापासून. वडील, आजोबा, सगळे तेच.” झालं! डॉक्टरनं मान डोलावली. एवढी वर्षं, एवढ्या पिढ्या काही झालं नाही, म्हणजे दगडाचा प्रश्नच नाही. अ‍ॅलर्जी ठरली. तोंडात मारायचा फवारा दिला. मग क्षयाची शंका आली, त्याच्या गोळ्या झाल्या. गोळ्यांनी लघवी लाल झाली, अंग वाळलं, खोकला तसाच. मी त्या डॉक्टरसमोर बसून ग्रॅनाइट, बसाल्ट सगळं सांगितलं. तो घड्याळाकडे बघत म्हणाला, “मॅडम, तुम्ही टीचर का?” असा संताप आला! पन्नाशी उलटलेली बाई, मोडकंतोडकं तमिळ, हातात भाजीची पिशवी. हिला काय कळतंय!

शेवटी मीच त्यांना ओढत शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. “वहिनी, कामाचा खाडा होतो,” म्हणत होते. म्हटलं, होऊ दे. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, दिसायला कडक. फोटो उजेडासमोर धरला, बराच वेळ बघितला आणि वळून पहिलाच प्रश्न विचारला, “कोणता दगड कापता?”

मी तिथंच रडायला लागले. सगळ्यांसमोर, पदर तोंडाला लावून. इतकी वर्षं मी जो प्रश्न घरात, शेडमध्ये, दवाखान्यात घेऊन फिरत होते, तो कुणीतरी विचारला होता. आणि विचारला गेला तोवर उशीर झाला होता. बाईंनी सिलिकोसिस हे नाव सांगितलं. व्रण पडलेत ते जाणार नाहीत. आजपासून ते काम बंद. जे उरलंय ते सांभाळायचं.

घरी आलो. यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला त्या खाली घातलेल्या मानेचं काय करायचं होतं? भाऊजी जाऊबाईंना म्हणाले, “थोडी धूळ बसलीय, विश्रांती घ्यायला सांगितलंय.” जाऊबाईंनी विश्वास ठेवला, कारण ठेवायचा होता.

आठवड्याभरात मुदलाळी भेटायला आला. सफरचंदं आणली, शहाळी आणली. भाऊजींच्या हातावर हात ठेवून बसला. मला वाटलं, चला, माणसाला लाज आहे. निघताना दारात चपला घालता घालता म्हणाला, “तुमच्या गावाकडून दोघंतिघं पाठवा ना. तुमची माणसं दगडाला चिवट.” माझ्या हातात शहाळं होतं. ते त्याच्या अंगावर टाकलं नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं. “जा तुम्ही,” म्हटलं. मराठीत म्हटलं. त्याला समजलं.

पण भाऊजींच्या मनात ते राहिलं. त्यांचा चुलतभाऊ गावीच पाथरवटकाम करत होता. धाकटा, नुकतंच लग्न झालेला, हात चांगला. शेडमधली आपली जागा घरातच राहावी असं भाऊजींना वाटलं असणार. रविवारी दुपारी मी डबा घेऊन गेले तर त्यांचं फोनवर बोलणं चालू होतं. स्पीकर लावलेला. पलीकडून तो म्हणत होता, “दादा, मंगळवारच्या गाडीत बसतो मग.”

मी डबा खाली ठेवला आणि फोन हातातून ओढून घेतला. “बसू नकोस!” म्हटलं. “तुझ्या दादाला काय झालंय ते माहीत आहे का तुला?” आणि सगळं सांगायला लागले, रागानं, एकावर एक. तो ऐकत होता. मग अगदी आदरानं म्हणाला, “वहिनी, तुम्ही काळजी करता ते खरं. पण दादाला तिकडची हवा बाधली असेल. आम्ही इथे रोज दगडच फोडतो. आपल्याला काही होत नाही त्याचं.”

आयुधपूजेच्या दिवशी भाऊजी म्हणाले होते तेच. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून जे जे शिकले ते सगळं त्या एका वाक्यापुढे पालथं पडलं होतं. जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात पीठ लागलेले हात घेऊन उभ्या होत्या.

भाऊजींनी हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी तो तोंडाजवळ धरला आणि आधी नुसता श्वास घेतला. तो श्वास पलीकडे ऐकू गेला असणार, कारण तिकडून “दादा?” असा आवाज आला.

“येऊ नकोस,” भाऊजी म्हणाले. थांबले. “मला जिना चढवत नाही. आडवं झोपवत नाही. रात्री भिंतीला टेकून बसतो. हिला वाटतं, मी टीव्ही बघतो.” पुन्हा थांबले. “बरं होणार नाही हे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. दगडानंच झालंय.”

जाऊबाई दारातच खाली बसल्या. त्यांना हे पहिल्यांदा कळत होतं. भाऊजींनी त्यांच्याकडे बघितलं नाही. खोकल्याची उबळ आली, ती लांबली, पलीकडचा माणूस “दादा, दादा” करत राहिला. उबळ थांबल्यावर त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

“कुठल्या दगडात काय असतं ते त्याला नीट सांगा, वहिनी,” म्हणाले. “मला दम पुरत नाही.”