शब्द टाकायला गेलो आणि खुशाली विचारून आलो

त्या दिवशी फोनवर मी सुट्टीचं नावसुद्धा काढलं नव्हतं, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी कळंबच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. वर्गाबाहेर फारसा बोलत नाही. असा माणूस चाळिशी ओलांडल्यावर मोबाइलवर धडे लावून अरबी बोलायला शिकू लागला. बायको म्हणाली, "आधी माझ्या माहेरच्यांशी मराठीत बोला. अरबांचं मग बघू." खरं सांगतो, मला आवडलं ते हेच की, त्या भाषेत माझ्याशी बोलायला येईल असं कळंबात कुणी नव्हतं.

पुढं मोबाइलनंच मला ‘मध्यम’ ठरवलं. मध्यम म्हणजे काय, तर प्रश्न झकास विचारता येतो. समोरच्यानं उत्तर दिलं की आपण संपलो.

शेजारी गाद्या भरणारे चाचा राहतात. कुराण सुरेख वाचतात, पण बोलचालीची अरबी त्यांना येत नाही. भिंतीपलीकडून माझे धडे ऐकून म्हणायचे, "सर, हे गळ्यातून काढा हो. तुमचं नाकातनं यायलंय." तरी त्यांच्या लेखी मी विद्वानच.

त्यांचा मुलगा सौदीत एका घरी गाडी चालवायचा. इकडं बहिणीचा निकाह ठरला आणि मालक सुट्टी देईना. चाचा माझ्याकडं आले.

"पोरगं मागून मागून थकलं, सर. आता कुणी मोठ्या माणसानं शब्द टाकायला पाहिजे. तहसीलात आपण काय करतो? तसंच."

"चाचा, माझं अरबी अजून कच्चं आहे."

"कच्चं कशाचं? भिंतीतनं ऐकतो न्हवं मी रोज!"

मी ‘बहिणीचं लग्न आहे, मुलाला सुट्टी द्यावी’ एवढं एक वाक्य पाठ केलं. दाढी करताना आरशाला इतक्यांदा सांगितलं, की आरशानं सुट्टी दिली असती.

जुम्म्याची नमाज झाल्यावर चाचांच्या दुकानात बसून मालकाला फोन लावला. आवाज मोठा ठेवलेला. कापसाच्या ढिगाला टेकून चाचा, दारात चाची, आणि पडद्याआड नवरी मुलगी.

मी सलाम केला. त्यानं केला. मी तब्येत विचारली. अल्लाचे आभार. घरच्यांची विचारली. अल्लाचे आभार. त्यानं माझ्या पोराबाळांची विचारली. मी बातम्या देणाऱ्यासारखी धड्यातली पुस्तकी अरबी बोलत होतो, तो गावाकडची बोलत होता, पण खुशालीला कुठलीही भाषा पुरते. आता आमच्याकडं सोयरीक घेऊन गेलेला माणूससुद्धा चहा होईपर्यंत सोयाबीनवरच बोलतो. आल्या आल्या कामाचं काढलं, तर लोक म्हणतात, घरी वळण नाही. म्हणून मी थांबलो, त्यानं विषय काढावा म्हणून. त्याच्याकडंही तीच रीत असावी. तोही थांबला. मी पाऊसपाणी काढलं. तो खूश झाला. त्यानं काहीतरी लांबलचक, भरभर सांगितलं. त्यातलं मला ‘घर’ आणि ‘उद्या’ एवढंच कळलं. मी भारदस्तपणे ‘हो, हो’ म्हणालो. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं, पण त्याच्या मागं लगेच उत्तर येणार, ही भीती जास्त होती. मी आभार मानले आणि फोन ठेवला.

चाचांनी माझा हात धरला. "क्या बोल्या?"

पडदा हलला.

"देतो म्हणाला," मी म्हणालो.

चाचींनी लगेच साखर आणून माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली.

दोन दिवसांनी मुलाचा फोन आला. चाचा तावातावानं माझ्याकडं आले. "बघा सर, कसला माणूस! पोराला म्हणतो, तुझ्या गावचे सर लई भले, नुसती खुशाली विचारायला फोन केला. सुट्टीचं बोललेच न्हाईत म्हणतो! शब्द देऊन असं उलटावं माणसानं?"

त्या क्षणी बोललो असतो तर पुन्हा फोन करता आला असता. निकाहाला अजून अवकाश होता. मी म्हणालो, "असतात काही लोक."

पुन्हा त्या माणसाकडं शब्द टाकायचा नाही, असं चाचांनी माझ्या अब्रूपायी ठरवलं. निकाहाला भाऊ आला नाही. चुलतभावानं उंच धरलेल्या मोबाइलमध्ये तो गाडीत बसून रडताना दिसला. पंगतीत चाचांनी मला पहिल्या ताटावर बसवलं, स्वतः वाढलं आणि सगळ्यांना सांगितलं, "सरांनी लई खटपट केली. मालकच जबानचा कच्चा निघाला." मी दोनदा बिर्याणी घेतली. नको म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.

मुलगा पुढं परत आला. आता इथंच दुकान बघतो. बहीण लोहाऱ्याला नांदते. मला रस्त्यात भेटली की डोक्यावर पदर घेऊन सलाम करते. तो मालक मात्र आमच्या गल्लीत अजून खोटारडा आहे. त्याचं कुठलंच बोलणं खोटं नव्हतं.

चाचांना आणि त्यांच्या लेकीला खरं सांगायचं देणं मी लागतो. त्या मालकाची माफी मागायचंही देणं आहे. यातलं काहीच मी अजून फेडलेलं नाही.