भिंभोरा फुटूची प्रजाती

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी आम्हाला दहा अळंबी गोळा करून प्रत्येकीची प्रजाती ठरवायची होती. प्रॅक्टिकलचे गुण त्याच फाइलवर होते. मी अंधश्रद्धा निर्मूलनाची पत्रकं वाचत वाढलेली, पुराव्याशिवाय काही मानायचं नाही असा माझा हट्ट.

दर पावसाळ्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरवर, जवळच्या रिसालीची एक बाई अळंबी विकायला यायची. “ये भिंभोरा फुटू आय, नोनी,” ती म्हणाली. भिंभोरा म्हणजे वारूळ, फुटू म्हणजे अळंबी. ही फक्त वारुळातूनच निघते, लहानपणापासून खणून काढतेय, असं तिचं म्हणणं.

मी एका अळंबीची टोपी कापून व्हरांड्यात पांढऱ्या कागदावर उपडी ठेवली. बीजाणू कागदावर झडतात आणि त्यांच्या रंगावरून प्रजाती कळते. सकाळी ठसा तपकिरी दिसला. पुस्तकाप्रमाणे ती अगॅरिकस, म्हणजे गवताशेणात वाढणारी. मी लेबल लावून फाइल जमा केली. बाई पुन्हा आली तेव्हा तिला दारातच सांगितलं, वारुळाची गोष्ट अंधश्रद्धा आहे.

ती टोपली उचलून गेली. आई म्हणाली, “तिच्यासंगं कावून भांडून राहिली? कागद झाकला होता का तू?”

“नाही.”

“मग प्लांटची धूळ पडली असन त्याच्यावर. मी पापडावर धोतर उगाच टाकतो का?”

भिलाईत उघड्यावर पापड कोणी वाळवत नाही, आणि मी बीजाणू ठेवले होते. आईने तिच्याकडून आधीच घेतलेल्या त्याच जातीच्या अळंबीवर स्वयंपाकघरात वाटी पालथी घातली. ठसा फिकट गुलाबी आला. पुस्तकात ती टर्मिटोमायसिस निघाली, वाळवीच्या घरट्यातच वाढणारी. प्रजातीचं नावच वाळवीवरून पडलेलं.

फाइल परत मागायला सरांकडे गेले. ते म्हणाले, “जमा फाइल में काट-छाँट की तो नंबर कटेंगे. रहने दो, कौन देखता है.”

मी फाइल घेतली आणि अगॅरिकस खोडून टर्मिटोमायसिस लिहिलं. खाली ‘ओळख पटवणारा’ या रकान्यात माझं नाव होतं, तेही खोडलं. पण बाईचं नाव मला ठाऊक नव्हतं. इतक्या पावसाळ्यांत मी ते कधी विचारलंच नव्हतं. सायकल काढून रिसालीला गेले. ती दारात अळंबीची माती झाडत बसली होती. फाइलमध्ये लिहायला मी तिचं नाव विचारलं.

“नाँव काबर लिखबे?” ती म्हणाली. “पुलिस आही का?”

मी धुळीचं सांगितलं, आणि माझ्या तोंडून निघालेल्या शब्दाबद्दल माफी मागितली. तिने हात पुसले आणि नाव सांगितलं. मी ते तिच्यासमोरच रकान्यात लिहिलं. गुण कापले गेले.